शेवटच्या पंगतीतले उंदीर

मी उंदरांना गुदगुल्या करते.

हसू नका, हे माझं अधिकृत काम आहे. ओळखपत्रावर तसं छापलंय : सानवी रेडेकर, इयत्ता नववी, गुदगुली-सेवक. आमच्या शाळेत नववीला प्रत्येकाला समाजसेवेचे तास भरावे लागतात. कुणी रोपवाटिकेत जातं, कुणी वृद्धाश्रमात आजोबांना नवे फोन शिकवायला जातं आणि त्यांच्याकडून नव्या शिव्या शिकून येतं. मी गडहिंग्लजच्या प्रयोगशाळेत जाते. माझी आई, डॉ. केतकी रेडेकर, तिथे वनौषधींची तपासणी करते. उंदीर माणसाच्या हाताला सरावावेत म्हणून मी हातमोजे घालते, एकेका पांढऱ्या उंदराला हातात घेते आणि मानेमागे, मग पोटावर बोटं फिरवते. आणि उंदीर हसतो.

खरंच हसतो! फक्त आपल्याला ऐकू येत नाही. आपले कान सेकंदाला वीस हजार कंपनांच्या पुढे ठार बहिरे. उंदीर खुशीत आला की पन्नास हजारांच्या आसपास किचकिचतो आणि दुखलं, घाबरला, बिनसलं की बावीस हजारांच्या आसपास लांबलचक सूर लावतो. म्हणजे आपण इतकी वर्षं उंदरांना औषधं पाजत होतो, उंदीर आपल्याशी बोलत होते आणि आपण शांतपणे त्यांची वजनं लिहून घेत होतो. किती तो उद्धटपणा.

आता तसं चालत नाही. आता 'मूषकवाणी' आहे. हे डब्याएवढं यंत्र पिंजऱ्यावर बसवायचं. ते सूर ऐकतं, कान ताठ आहेत की पडलेत ते बघतं, मिशा मोजतं आणि त्यावरून उंदराची मनःस्थिती ठरवून पडद्यावर मराठी वाक्य लिहितं. उंदराला मराठी येत नाही, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या वर्गातल्या पार्थने एका उंदराला निबंध लिहून मागितला होता. भावना उंदराची, वाक्य यंत्राचं. वाक्यांचे तीन प्रकार निवडता येतात : औपचारिक, घरगुती आणि तिरकस. आई औपचारिक लावते. मी एकटी असले की तिरकस.

यंत्र आलं आणि त्याच्यामागून नियमही आला. कुठलीही वनौषधी विकायची तर आधी ती सुरक्षित आहे हे दाखवावं लागतं. झाडापासून केली म्हणजे निरुपद्रवी, असं नसतं. आई म्हणते, धोतराही झाडच आणि कण्हेरही झाडच, खाऊन बघ आणि मग मला येऊन सांग, येता आलं तर. म्हणून उंदरांचे दोन गट करायचे. खाणं सारखं, पिंजरे सारखे, सगळं सारखं. एका गटाला बारीक नळीने अर्क पाजायचा, दुसऱ्याला नुसतं पाणी. शेवटी दोन गटांत जो फरक दिसेल तो अर्काचा. पूर्वी यकृत-मूत्रपिंडं बघायला उंदीर मारावे लागत. आता स्कॅनर बाहेरूनच सगळं दाखवतो आणि काम संपलं की उंदीर निवृत्त होतात. पण नव्या नियमाने यकृत, मूत्रपिंड, रक्त यांच्या जोडीला एक चौथी परीक्षा आली : मनोमत. अर्क पिणारे उंदीर पाणी पिणाऱ्यांपेक्षा नाखूश निघाले, तर अर्क नापास.

तर आता हर्षदाआत्या.

हर्षदाआत्या ही पप्पांची धाकटी बहीण. आजऱ्याला असते. तिने बँकेतली नोकरी सोडून भारंगीच्या पाल्याचा खोकल्यावरचा अर्क करायचा कारखाना उभा केला. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, दोन मोठी भांडी आणि गावातल्या आठ बायका. पण आत्या 'कारखाना' म्हणताना असा हात फिरवते की आपल्याला धुरांडीच दिसायला लागतात. परवान्यासाठी फक्त सुरक्षिततेचा दाखला हवा होता आणि तो देणारी जवळपासची एकच प्रयोगशाळा होती, आईची.

आईने लगेच मोठ्या सरांना लेखी कळवलं, की ही माझी नणंद आहे, काम दुसऱ्याला द्या. सर म्हणाले, "मॅडम, दुसरा कोण? पिंजरे सांभाळणारा प्रमोद तिचा दीर. गुदगुल्या करणारी तिची भाची. या तालुक्यात नातं नसलेला माणूस मी आणायचा कुठून?" म्हणून त्यांनी पिंजऱ्यांना निळ्या आणि पिवळ्या पट्ट्या लावल्या. कुठल्या रंगाला अर्क आणि कुठल्याला पाणी हे त्यांच्याकडेच गुपित. अर्क आणि पाणी दोन्ही बंद काळ्या पिचकाऱ्यांत भरून यायचं.

गुपित पहिल्याच दिवशी फुटलं. भारंगीच्या अर्काला वास येतो. ओल्या पाचोळ्यात कारलं विसरून राहिल्यासारखा. आत्याच्या साडीला, तिच्या गाडीला, तिने दिलेल्या दिवाळीच्या चकल्यांनासुद्धा तोच वास. निळ्या पिंजऱ्याजवळ गेले आणि मला वाटलं, आता आत्या मागून येऊन माझा गाल ओढणार. मी आईकडे बघितलं. आईने छताकडे बघितलं. प्रमोदकाकांनी खोकल्याचं नाटक केलं.

घरी जाताना मात्र आई म्हणाली, "सानू, आपलं माणूस आहे म्हणून झुकतं माप द्यायचं नाही. तसूभरसुद्धा नाही. लोक टपून बसलेत."

"आई, मी गुदगुल्या करते. त्यात झुकतं माप काय देणार?"

"तेच सांगतेय. देऊ नकोस."

काही आठवड्यांनी चित्र स्पष्ट झालं. निळ्यांचं यकृत उत्तम. मूत्रपिंडं उत्तम. रक्त असं, की आईने स्वतःच्या रक्ताच्या रिपोर्टाशी ताडून बघितलं आणि सुस्कारा सोडला. पण मनोमत! आईच्या पडद्यावर रोज तेच यायचं : 'निळा गट : मनःस्थिती असमाधानकारक.' मी तिरकस लावून बघायची. पिवळे म्हणायचे, "मजेत आहोत, तुम्ही बारीक झालात." आणि निळ्यांपाशी गेलं की, "या, या. आठवण झाली का आमची?" माझी सगळ्यात लाडकी उंदरीण निळ्यातच होती, भिंगरी. गुदगुल्या केल्या की गोल गोल फिरायची म्हणून भिंगरी. ती तर माझ्याकडे पाठ करून बसायची आणि पडद्यावर यायचं, "राहू दे. सवय आहे आम्हाला."

अहवाल तयार झाला : तीन परीक्षा पास, चौथी नापास. असुरक्षित. आईने तो शासनाकडे पाठवायच्या आधी नियमाप्रमाणे एक प्रत आत्याला पाठवली.

आत्या दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे. चपला दारात भिरकावल्या तेव्हाच कळलं.

"वहिनी, माझे उंदीर रुसलेत म्हणे?"

"हर्षदा, तुमचे नाहीत, प्रयोगशाळेचे आहेत. आणि रुसलेत नाही, मनःस्थिती असमाधानकारक..."

"अहो, माझी पण असमाधानकारक आहे! मला नाही कुणी विचारत! आठ बायका शेडमध्ये बसल्यात माझ्या. त्यांना काय सांगू? उंदरांचा मूड नाही?" आत्या पप्पांकडे वळली. "दादा, तू गप्प का?"

पप्पांनी पेपर तोंडासमोर धरला. पप्पांना या दोघींमध्ये बोलायचा अनुभव होता.

"मी जे दिसलं तेच लिहिलं," आई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "उलट मी तर..." आणि तिने वाक्य सोडून दिलं.

"उलट काय? माझं लग्न झाल्यापासून बघतीय, माझं म्हटलं की तुम्ही हात आखडता घेता. नणंद ना मी! आता उंदीरसुद्धा फितवले."

आत्या चहा न पिता गेली. आमच्या घरात हे युद्ध पुकारल्यासारखं आहे. आणि त्या रविवारी आमच्या नव्या घराची वास्तुशांत.

आत्या आली, कारण आपल्या भावाच्या वास्तुशांतीला न जाणं तिच्या तत्त्वात बसत नाही. पण आईशी बोलायचं नाही, हे ठरवून आली. "सानू, तुझ्या आईला सांग, मसालेभाताला मीठ कमी आहे." आई दोन हातांच्या अंतरावर उभी. "सानू, आत्याला सांग, मी घातलंय." मी मधली मूषकवाणी.

दीडशे माणसं जेवायला. पहिली पंगत भटजी आणि म्हातारी माणसं. दुसरी पाहुणे. तिसरी शेजारी. मी वाढत होते. मसालेभात, वांग्याची भाजी, कांदाभजी, बासुंदी. पूजेमुळे सकाळपासून पोटात काही नाही. भजी तळल्याचा वास नाकात आणि भजी दुसऱ्यांच्या ताटात. चौथ्या पंगतीला मी हळूच एका कोपऱ्यातल्या पाटावर टेकले, तर आईने दंडाला धरून उठवलं.

"अगं, आपण घरचे ना? घरचे शेवटी बसतात. आधी बाहेरचे होऊ देत."

"आई, भूक लागलीय."

"पाचवी पंगत आपलीच."

पाचव्या पंगतीला पप्पांच्या ऑफिसचे लोक आले. मी, आई, आत्या आणि प्रमोदकाका भिंतीला पाठ लावून उभे. अखेरीस आमची पानं मांडली तेव्हा भजी संपली होती, बासुंदी पातेल्याच्या बुडाला होती आणि मसालेभात गार झाला होता. आई मला समजावायला आली, "सानू, तुला उद्या करून देते हं भजी." आणि माझ्या तोंडून निघालं,

"राहू दे. सवय आहे आम्हाला."

माझा घास हातातच राहिला.

हे मी कुठे वाचलं होतं? कुठे म्हणजे काय, रोज वाचत होते! आणि मला काही विषबाधा झाली नव्हती. माझं यकृत उत्तम होतं. मी फक्त शेवटच्या पंगतीला होते.

"आई!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की आचाऱ्याने झारा पाडला. "तू डोस कुणाला आधी देतेस? निळ्यांना की पिवळ्यांना?"

"हे काय आता मध्येच?"

"सांग ना!"

आई गडबडली. "क्रम नियमात ठरलेला नाही. पण... पिवळ्यांना आधी. म्हणजे, घरच्यांना आधी दिलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून."

मी प्रमोदकाकांकडे वळले. डोस द्यायच्या आधी उंदरांचं खाणं काढून घेतात आणि नंतर देतात. ते देणं काकांचं काम. "काका, खाणं?"

प्रमोदकाकांनी कान खाजवला. "पिवळ्यांना आधी. वहिनीचा माल आहे, उद्या कोण म्हणंल दीर आतून मदत करतोय."

आणि गुदगुल्या? मीही रोज पिवळ्यांपासूनच सुरुवात करत होते. निळ्यांची पाळी येईपर्यंत बोटं दुखायला लागायची आणि मी घाईत उरकायची. झुकतं माप नको ना! तिघांनी एकमेकांना न विचारता, न सांगता, तेच केलं होतं. निळे उंदीर शेवटी उपास सोडत होते, शेवटी गुदगुल्या घेत होते आणि समोरच्या पिंजऱ्यातल्या पाहुण्यांच्या पंगती उठताना बघत होते.

आत्या इतका वेळ ऐकत होती. तिने हातातला गार मसालेभाताचा घास ताटात ठेवला. "म्हणजे वहिनी," ती भांडणानंतर पहिल्यांदाच थेट आईला म्हणाली, "तुम्ही माझ्या उंदरांना माहेरची वागणूक दिलीत. घरचे म्हणून शेवटच्या पंगतीला."

आईला रडू आलं की हसू, मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण सोमवारी सकाळी आई अहवाल उघडून नुसती बसली होती.

"पाठव ना, की क्रम चुकला म्हणून," मी म्हटलं.

"काय लिहू? नणंदेचा अर्क नापास झाला आणि मग मला एकाएकी माझी चूक सापडली? लोक म्हणतील, घरात दबाव आला, निकाल फिरवला. माझं इतक्या वर्षांचं नाव जाईल, सानू. आणि हर्षदाचा अर्क कायमचा संशयात पडेल."

आणि नाही लिहिलं, तर आत्याची शेड बंद. आई ज्या भीतीने चुकली होती तीच भीती आता तिला चूक दुरुस्त करू देत नव्हती. माझ्या डोक्यात मात्र भजी तळली जात होती.

"आई, तू आत्याच्या उंदरांना हातच लावू नकोस. त्यांच्याबद्दल एक अक्षर बोलू नकोस. फक्त पिवळ्यांना शेवटच्या पंगतीला बसव."

आईने माझ्याकडे बघितलं. मग हळूच चष्मा वर केला. आईने चष्मा वर केला की समजायचं, आता विज्ञान सुरू.

मोठ्या सरांना तिने सगळं सांगितलं. प्रयोगशाळेच्या दारावरच्या मोठ्या पडद्यावर रोजचा क्रम जाहीर लावला, येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावा असा : आजपासून निळे आधी, पिवळे शेवटी. डोस तसाच, खाणं तसंच, गुदगुल्या तशाच. पहिले दोन-तीन दिवस पिवळे गोंधळले. मग एका दुपारी मी तिरकस लावलं तर पिवळ्यातला सगळ्यात जाडा उंदीर मिशा पाडून बसला होता आणि पडद्यावर आलं, "मोठ्या लोकांची कामं आधी. आम्ही काय, बसू कोपऱ्यात." आणि भिंगरी? भिंगरी माझ्या तळहातावर इतकी गोल फिरली की मलाच चक्कर आली. "तुम्ही बारीक झालात," ती म्हणाली. म्हणजे यंत्र म्हणालं. मला काही फरक वाटला नाही.

आठवडा संपला आणि प्रयोगशाळेच्या संगणकाने आपल्या नियमांनुसार, कुणालाही न विचारता, दोन्ही गटांचा अहवाल छापला. आईने तो मोठ्याने वाचला. मध्येच तिला थांबून पाणी प्यावं लागलं आणि ते बघून आम्ही सगळेच हसून लोळायला लागलो. कारण अहवाल असा होता :

'पिवळा गट. दिलेला पदार्थ : पिण्याचे पाणी. यकृत, मूत्रपिंड, रक्त : निर्दोष. मनोमत : नाखूश. निष्कर्ष : पिण्याचे पाणी सेवनास असुरक्षित आहे. बाजारात आणू नये.'

आईने दोन्ही अहवाल शासनाकडे पाठवले. सोबत स्वतःच्या सहीने लिहिलं की अर्जदार माझी नणंद आहे आणि क्रमाची चूक माझी आहे. दोन दिवसांनी तपासणी अधिकारी बाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांचा चेहरा असा, की कुठल्याही उंदराने पाठ फिरवावी.

"डॉ. रेडेकर, अर्जदार तुमच्या नात्यातल्या. म्हणून ही चूक झाली असं समजायचं का आम्ही?"

"हो," आई म्हणाली. मी दारामागून ऐकत होते. "नात्यातल्या आहेत म्हणूनच झाली. फक्त उलट्या बाजूने झाली. मी आपल्या माणसाला इतकं मागे ढकललं, की ते दूरच्यापेक्षा दूर गेलं. तोही पक्षपातच. तो करताना आपण फार चांगले आहोत असं वाटतं, एवढाच फरक."

बाईंनी मान खाली घालून काहीतरी टिपून घेतलं. मग त्यांनी दुसरा अहवाल वाचायला घेतला. वाचता वाचता टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला, ओठांपर्यंत नेला आणि थांबल्या. पेल्यात डोकावून बघितलं.

"आमच्या घरी पण," त्या एकदम वेगळ्या आवाजात म्हणाल्या, "मी शेवटीच जेवते."

फेरचाचणीची परवानगी मिळाली. नवे उंदीर, नव्या पट्ट्या, वास कळू नये म्हणून नाकाला मुखपट्ट्या. आणि रोज सकाळी चिठ्ठ्या टाकायच्या. जो पिंजरा आधी निघेल त्याला आधी डोस, आधी खाणं, आधी गुदगुल्या. चिठ्ठ्या मी काढायची. निकाल लागला तेव्हा दोन गटांच्या मनोमतात केसाएवढाही फरक नव्हता. भारंगीचा अर्क चारही परीक्षांत पास. आता दुसऱ्या प्रयोगशाळाही आमच्या चिठ्ठ्यांबद्दल विचारायला लागल्यात आणि मोठे सर त्याला 'रेडेकर पद्धत' म्हणतात. आईला वाटतं तिच्या नावावरून. वाटू दे.

कारखान्याच्या उद्घाटनाला आम्ही सगळे आजऱ्याला गेलो. भिंगरी निवृत्त झाली होती आणि तिला मी दत्तक घेतलं होतं. ती पिंजऱ्यासकट आली. मूषकवाणीचं एक जुनं यंत्र सरांनी मला बक्षीस दिलंय, तेही आलं. आत्या उंदरांना भयंकर घाबरते. तिने पदर खोचून लांबूनच भिंगरीला नमस्कार केला. "बाई गं, तुझे उपकार आहेत. पण तिथंच बस."

शेडमध्ये पंगत मांडली. आत्या सवयीने वाढायला वाकली, तेवढ्यात मी स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या पुढे केल्या. आठ बायका, पाहुणे, घरचे, सगळ्यांनी उचलायच्या. आईला शेवटची पंगत आली. आत्याला पहिली.

"छे! माझ्या दारात आलेली माणसं उपाशी आणि मी जेवू?" आत्या उठायला लागली.

"हर्षदा, बसा," आईने तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून तिला खाली दाबलं. "क्रम मोडायचा नाही. एकदा मनाने लावून बघितलाय आपण." आणि तिने स्वतः आत्याच्या ताटात गरम भजी वाढली. कढईतून थेट, तेल अजून चुरचुरत होतं.

आत्या पाच मिनिटं नुसती अवघडून बसली. दोनदा उठली, दोनदा आईने बसवली. मग तिने एक भजं तोडलं, फुंकर मारली आणि खाल्लं. डोळे मिटले. काही बोलली नाही. आत्या आणि काही बोलली नाही!

भिंगरीचा पिंजरा कुणीतरी तिच्या नकळत पाटामागेच ठेवला होता. यंत्राचा पडदा उजळला :

"मजेत आहे. अजून एक भजं चालेल."

यंत्राला फक्त उंदरांचंच कळतं, असं आई म्हणते. असेल. भिंगरी तेव्हा गाढ झोपली होती, एवढं मी फक्त नोंदवून ठेवते.

आईने आत्याला अजून एक भजं वाढलं.